पाखाडीवरचा गुडघा

आमच्या वाडीतून वर सड्यावर जायला २१४ पायऱ्या आहेत. जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या बहुतेक वाड्यांना अशीच वाट असते. खालचा तुकडा कुणाच्या तरी पणजोबांनी रचलेला, मधला कुणा मुंबईकरानं आईच्या नावानं बांधून दिलेला, वरचा ग्रामपंचायतीनं सिमेंट ओतून केलेला. त्यामुळे एक पायरी दुसरीसारखी नाही. मी वर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि खाली राहते. लग्न होऊन या घरात आले त्याला २५ वर्षं झाली. पाखाडी चुकली असा दिवस क्वचितच.

उजवा गुडघा पहिल्यांदा दुखला तो उतरताना. आतल्या अंगाला, एका बोटानं दाखवता येईल एवढ्याच जागी. सपाटीवर काही नाही, वर्गात तास तास उभं राहूनही काही नाही. संध्याकाळी पाखाडी उतरायला लागले की साधारण अर्ध्यावर कळ यायची. पुढे विळीवर बसून नारळ खवणल्यावर उठणं जड जायला लागलं. मग एका पावसाळ्यात लावणीला शेतात उतरणंच बंद केलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, माझाही याच वयात गेला." आमच्याकडे गुडघा 'जातो', जसा दात जातो. गेलेल्याला इलाज कसला, असंच सगळे धरून चालतात. मीही दोन वर्षं तेच धरलं होतं.

त्या दोन वर्षांत दोन ठिकाणी दाखवलं. एका दवाखान्यात टेबलावर आडवं झोपवून एक्स-रे काढला, "वयाप्रमाणे थोडी झीज आहे" असं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्या, मोठ्या रुग्णालयात पहिल्याच भेटीत गुडघा बदलण्याचा खर्च कागदावर लिहून हातात दिला. मी तेव्हा ४७ वर्षांची होते. दोन्हीकडे तपासणाऱ्यांनी गुडघा दाबून पाहिला, वाकवून पाहिला. चालून दाखवा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण दुखणं चालण्यातच होतं.

तिसरे डॉक्टर मुंबईत, भावाच्या ओळखीतून भेटले. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच सांगितलं, "बाई, त्या टोकापर्यंत जाऊन परत या." मी गेले, आले. "पुन्हा एकदा." मग ते खाली वाकून पावलांच्या उंचीवरून बघत राहिले. त्यानंतर एक्स-रे काढला तो उभं करून, खुब्यापासून घोट्यापर्यंत अख्ख्या पायाचा. झोपून काढलेल्या जुन्या चित्रात गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन हाडांमध्ये बऱ्यापैकी फट दिसत होती. उभ्या चित्रात ती जवळजवळ मिटलेली होती. झोपल्यावर हाडांवर भारच नसतो, मग कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, उरली आहे की नाही ते कळणार कसं? माझ्यासारखी जी कुणी गुडघ्याचं चित्र काढायला निघाली असेल, तिनं एवढं तरी विचारावं की उभं राहून काढणार आहात ना.

डॉक्टरांनी त्या चित्रावर एक रेघ मारली. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत. अंगाचा भार या रेघेनं खाली उतरतो असं मानतात. गुडघ्याची रुंदी आतून बाहेर शून्य ते शंभर धरली, तर सरळ पायात ही रेघ मध्याच्या जवळून जाते. माझी १४ वरून गेली. म्हणजे पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला आणि सगळा जोर आतल्या कप्प्यावर. बाहेरचा कप्पा चांगला होता. "तुमचा सांधा बदलायचा नाही," ते म्हणाले. "रेघ बदलायची."

नडगीचं हाड गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूनं कापायचं, पण आरपार नाही. बाहेरच्या कडेला सेंटिमीटरभर हाड तसंच ठेवायचं. त्याची बिजागरी होते. मग काप हळूहळू उघडून पाय सरळ करायचा आणि पट्टी-स्क्रूंनी धरून ठेवायचा. सांधा आपलाच राहतो, त्यामुळे मांडी घालणं, उकिडवं बसणं पुढेही जमू शकतं. बदललेला गुडघा साधारणपणे ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो आणि उकिडवं बसायला १३० च्या पुढे लागतात. विळी, चूल, शेत, देवघर ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे त्यांना या वीस अंशांचं मोल कळेल. अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. दोन्ही कप्पे झिजलेले असतील, सांधा आखडलेला असेल, तर या वाटेनं जाता येत नाही, तेही त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, एका संशोधनात भाग घ्याल का? अशी शस्त्रक्रिया होण्याआधी आणि नंतर माणसाच्या चालण्यात नेमकं काय बदलतं, ते मोजायचं होतं. संमतीपत्र मराठीत होतं, चार पानांचं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की नाही म्हटलंत तरी उपचारात फरक पडणार नाही, मध्येच कधीही बाहेर पडता येईल, आणि तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी दोनदा वाचलं आणि सही केली. नवव्या इयत्तेला बल आणि गती शिकवणारी बाई स्वतःच्या गुडघ्यावरचं बल मोजायची संधी सोडेल कशी?

फेब्रुवारीत मोजणी झाली. मोठा रिकामा हॉल, भिंतींवर वर दहा कॅमेरे, मध्ये दहा-बारा मीटरची चालायची पट्टी. एक अडचण मला कुणी आधी सांगितली नव्हती. मांड्यांपर्यंतची चड्डी घालायची होती. मी जन्मात साडीशिवाय घराबाहेर पडले नाही. पीएचडी करणारी मुलगी हुशार होती. तिनं दार लावलं, पुरुष सहकाऱ्याला पडद्यामागच्या संगणकापाशी बसवलं आणि म्हणाली, "काकू, कॅमेऱ्याला फक्त गोळे दिसतात, तुम्ही दिसत नाही." ते खरंच होतं. कॅमेरे अवरक्त प्रकाश सोडतात आणि अंगावर चिकटवलेल्या चमकदार मण्यांवरून परतलेला तेवढा टिपतात. पडद्यावर मी नव्हतेच, काळ्या आभाळात चांदण्या होत्या.

ते मणी लावण्यात तास गेला. बोटाच्या पेराएवढे, दुहेरी चिकटपट्टीनं हाडांच्या खुणांवर बसवायचे: कमरेच्या हाडाची पुढची टोकं, गुडघ्याची बाहेरची बाजू, घोटा, टाच, पावलावर दुसऱ्या बोटाचं मूळ. ती प्रत्येक खूण बोटांनी चाचपून शोधायची, कारण मणी थोडा जरी सरकला तर पुढचे सगळे कोन चुकतात. त्यातही कातडी हाडावरून सरकते ही अडचण उरतेच. मांडीवर मांस जास्त, म्हणून तिथं चूक जास्त. आपल्या मोजमापात चूक कुठे शिरते ते तिनं मला आधी सांगितलं आणि आकडे नंतर दाखवले. मला ती तिथंच आवडली.

जमिनीत दोन ठिकाणी बल मोजणाऱ्या पट्ट्या पुरलेल्या होत्या. कुठे आहेत ते सांगितलं नाही. "समोरच्या घड्याळाकडे बघत चाला," एवढंच. पट्टी कुठे आहे हे कळलं की माणूस नकळत पाऊल नेमकं तिच्यावर टाकायला जातो आणि चाल बिघडते. त्यामुळे पाऊल आपोआप पूर्ण पट्टीवर पडेपर्यंत चालायचं. प्रत्येक पायाच्या पाच चांगल्या फेऱ्या मिळायला मला चाळीसएक वेळा ये-जा करावी लागली. कॅमेरे सेकंदाला १०० चित्रं घेत होते, पट्ट्या सेकंदाला १,००० वेळा बल नोंदवत होत्या.

मग तिनं आलेख दाखवला. पाऊल टेकल्यापासून उचलेपर्यंत जमीन आपल्याला किती जोरानं वर ढकलते त्याचा. निरोगी पायाचा आलेख उंटाच्या पाठीसारखा: दोन उंचवटे वजनाहून थोडे वर, मधला खळगा वजनाहून खाली. माझ्या डाव्या पायाचा तसाच होता. उजव्याचे उंचवटे चेपलेले. उजवा पाय भिऊन टेकत होता.

वर्गात मी आघूर्ण शिकवताना मुलांना दार ढकलायला लावते. आधी कडेला, मग बिजागरीजवळ. बळ तेवढंच, पण भुजा लांब झाली की फिरवण्याची ताकद वाढते. इथं तेच होतं. एका पायावर उभं राहिलं की जमिनीचा जोर पावलापासून शरीराच्या गुरुत्वमध्याकडे जातो आणि ती रेघ गुडघ्याच्या आतल्या बाजूनं जाते. गुडघ्यापासून त्या रेघेचं अंतर ही भुजा. पाय बाहेर वाकलेला असेल तर भुजा वाढते आणि आतला कप्पा जास्त दाबला जातो. तो दाबला गेला की झिजतो, झिजला की पाय आणखी वाकतो. हे चक्र मी फळ्यावर काढू शकले असते. गुडघ्यात घेऊन फिरत होते, हे मात्र माहीत नव्हतं.

काड्यांच्या माणसासारखी माझी आकृती पडद्यावर चालली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. उजवा पाय टेकला की दर वेळी माझं धड उजवीकडे झुकत होतं. मला वाटायचं, मी लंगडते. ती म्हणाली, "हा तुमच्या शरीरानं शोधलेला उपाय आहे. धड त्या बाजूला नेलं की गुरुत्वमध्य गुडघ्याच्या जवळ येतो, भुजा कमी होते." कमरेत दोन वर्षं येत असलेली चमक कशाची ती, याचाही अंदाज तेव्हा आला.

काठीचंही तिथंच कळलं. सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो आणि काठीही त्या उजव्याच हातात धरतात. आमच्या गावात सगळेच तसं धरतात. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. दुखऱ्या पायावर भार येतो त्याच क्षणी पलीकडच्या हातानं आधार मिळाला तर तो भार हलका होतो. घरी येऊन मी सासूबाईंचा हात बदलला. आठ दिवस त्या रागावल्या, मग काही बोलल्या नाहीत. काठी अजून डाव्या हातात आहे.

मोजणी संपली तेव्हा मी विचारलं, "पण माझा गुडघा सपाटीवर दुखतच नाही. तुम्ही मोजलंत ते सपाटीवरचं." तिनं कोपऱ्यातला तीन पायऱ्यांचा जिना दाखवला. त्याच्यावरही मला चढवलं-उतरवलं होतं. प्रत्येक पायरी १७ सेंटिमीटरची, अगदी सारखी. मी म्हणाले, "अशी पायरी आमच्या पाखाडीवर शोधून सापडायची नाही." ती थांबली आणि म्हणाली, "मग कशा आहेत?" मला उत्तर देता येईना. २५ वर्षं रोज चढ-उतार केलेल्या पायऱ्यांची उंची मला माहीत नव्हती.

परीक्षा संपल्यावर नववीची बारा मुलं घेऊन मी पाखाडी मोजली. प्रत्येक पायरीची उंची डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे, तिन्हींची सरासरी. खडूनं क्रमांक घातले, वरून खाली १ ते २१४. सगळ्यांत बुटकी ११ सेंटिमीटर, सगळ्यांत उंच २७. सरासरी १८. गुणाकार केल्यावर साडेअडतीस मीटर निघाले. मुलं ओरडली, "बाई, तेरा मजले!" २२ सेंटिमीटरच्या वरच्या पायऱ्या ३१ होत्या, बहुतेक जुन्या तुकड्यात, तळाकडे. कळ अर्ध्यावरून का सुरू होते त्याचं एक कारण वहीत लिहूनच आलं. तो तक्ता मी मुंबईला पाठवला.

एप्रिलमध्ये ती मुलगी आणि तिचा सहकारी आमच्या घरी आले. आंब्याचे दिवस. मांगरात पेट्या भरणं चालू होतं आणि माजघरात त्यांनी आपली यंत्रं मांडली. या वेळी कॅमेरे नव्हते. काडेपेटीएवढे संवेदक होते, कमरेला, मांड्यांना, नडग्यांना आणि पावलांना पट्ट्यांनी बांधायचे. ते गती आणि फिरणं मोजतात, त्यावरून सांध्यांचे कोन काढता येतात. जमिनीचा जोर त्यांना कळत नाही, चिऱ्याखाली बलाची पट्टी घालणं शक्य नव्हतं. म्हणून इथं कोन आणि वेळ मोजायची, बल प्रयोगशाळेत. मोबाइलवर चित्रफीतही घ्यायची ठरली, खडूचे क्रमांक दिसतील अशी.

मी एक अट घातली. साडी नेसूनच उतरणार, खांद्याला शाळेची पिशवी आणि हातात बाजाराची. रोज तशीच उतरते. साडीत पुढची पायरी दिसत नाही, निऱ्या एका हातानं उचलून धराव्या लागतात, म्हणजे कठडा असला तरी धरायला हात मोकळा नाही. पावलं आखूड पडतात. चड्डी घालून सारख्या पायऱ्यांवर उतरणारी बाई आणि ही बाई एकच आहे असं मानून चालणार नव्हतं. तिला ते लगेच पटलं. तिनं वहीत लिहून घेतलं.

पहिली फेरी फुकट गेली. वरच्या तुकड्याला लोखंडी पाइपचा कठडा आहे. संवेदकातला दिशा दाखवणारा चुंबकीय भाग लोखंडाजवळ बिथरतो आणि माझा गुडघा नकाशावर भलतीकडेच वळलेला दिसू लागला. त्यांनी तो भाग हिशेबातून वगळला आणि पुन्हा उतरवलं. दुसऱ्या फेरीला घामानं पट्टी सरकली. तिसरी आणि चौथी लागली. उन्हं तापायच्या आत चार वेळा २१४ पायऱ्या. चौथ्या फेरीनंतर मी पडवीत बसले ती तासभर उठले नाही.

रात्री जेवणं झाल्यावर ती चित्रफीत आणि आकडे एकत्र लावत बसली होती. अचानक म्हणाली, "काकू, इकडे या."

उतरताना जो पाय वरच्या पायरीवर मागे राहतो तोच वाकत वाकत अख्खं अंग खाली सोडतो. भार त्याच्यावर. खालच्या पायरीवर आधी पोचणाऱ्या पायाला त्या मानानं सोपं असतं. उंच अशा ३१ पायऱ्यांपैकी २६ ठिकाणी माझा डावा पायच मागे राहिला होता. एकाआड एक पाय पडत असताना हे होणार कसं? तिनं चित्रफीत हळू केली. नऊ ठिकाणी उंच पायरीच्या एक-दोन पायऱ्या आधी मी जागच्या जागी एक छोटं पाऊल जास्त टाकत होते आणि पाय बदलून घेत होते. चारही फेऱ्यांत त्याच नऊ जागा. ८६ ला, ११२ ला, १२९ ला.

मला हे ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं. पायऱ्यांची उंची मला सांगता आली नव्हती, पण माझ्या पायांना ती पाठ होती. अंधारात, पावसात, हातात पिशव्या घेऊन, शाळेतल्या कटकटी डोक्यात घोळत असताना, पाय मोजून मापून डाव्याला पुढच्या कामाला उभं करत होते. मी कितीतरी वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. आणि मग लक्षात आलं की गेल्या वर्षभरात डावा गुडघाही सकाळी कुरकुरतो तो का.

त्या रात्री तिनं मला बर्लिनच्या कामाबद्दल सांगितलं. तिथल्या शारिते रुग्णालयात गेओर्ग बेर्गमान यांच्या गटानं काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यांमध्येच बल मोजणारी यंत्रणा बसवली आणि आकडे बिनतारी बाहेर घेतले. २०१० साली छापून आलेल्या त्यांच्या निबंधात पाच रुग्णांची सरासरी आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर वजनाच्या साधारण २.६ पट बल येतं, जिना चढताना ३.२ पट, उतरताना ३.५ पट. माझं वजन तेव्हा ६४ किलो. म्हणजे एका पायरीला सव्वादोनशे किलोच्या आसपास. एवढं कुठून येतं? मांडीच्या स्नायूंमधून. गुडघा वाकलेला असताना अंग सावरायला स्नायू ओढतो, आणि त्याला मिळणारी भुजा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरची. पहारीनं चिरा उचकटताना टेकू चुकीच्या टोकाला घातला तर काय होतं ते आमच्या गवंड्याला विचारा. आणि त्या रुग्णांचा जिना साधा, बेताच्या उंचीचा होता. २७ सेंटिमीटरची पायरी त्यात नव्हती.

मे महिन्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. कमरेखालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे करवतीचा आवाज ऐकू आला. मग बराच वेळ शांतता. डॉक्टर काप थोडा थोडा उघडत होते आणि मध्ये थांबत होते. घाई केली तर ती सेंटिमीटरभर बिजागरी तडकते. शेवटी नऊ मिलिमीटर उघडला. पट्टी, आठ स्क्रू. रेघ १४ वरून ५७ वर आली. अशा शस्त्रक्रियेत ६२ च्या आसपासचा एक बिंदू जपानी सर्जन फुजिसावा यांच्या नावानं ओळखला जातो आणि पुष्कळ जण रेघ तिथवर नेतात. माझी कूर्चा थोडी शिल्लक असल्यानं आमच्या डॉक्टरांनी अलीकडेच थांबायचं ठरवलं होतं.

नऊ मिलिमीटर म्हणजे वर्गातल्या खडूची जाडी. तेवढी फट हाड स्वतः भरून काढतं. मी विचारलं, कशानं? "चालण्यानं," डॉक्टर म्हणाले. युलियुस वोल्फ या जर्मन सर्जननं १८९२ मध्ये मांडलं की हाड येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलतं. सहा आठवडे कुबड्या, पायावर किती भार टाकायचा ते दर आठवड्याला वाढवत न्यायचं. ते शिकायला घरचा वजनकाटा पायाखाली घ्यायचा आणि दहा किलोवर आकडा आला की थांबायचं, पुढच्या आठवड्यात वीस. डोंबिवलीला नणंदेच्या घरी मी तासन्‌तास त्या काट्यावर उभी असायचे.

त्याच काळात डॉक्टरांनी जयपूर फूट या कृत्रिम पावलाची गोष्ट सांगितली. १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी ते पाऊल घडवलं, कारण परदेशी बनावटीच्या पायानं उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती, अनवाणी शेतात जाता येत नव्हतं. माणूस रोज काय करतो ते त्यांनी आधी पाहिलं. मला पाखाडीवर मोबाइल धरून उलटी उतरणारी ती पीएचडीची मुलगी आठवली.

जूनअखेरीस मांडवी एक्सप्रेसनं निघाले. पावसाळी वेळापत्रक लागलेलं, गाडी संथ. चिपळूणहून गाडी करून सड्यावर आले आणि खाली पाहिलं तर पाखाडी हिरवीगार, शेवाळ धरलेली. पूर्ण भार टाकायला परवानगी होती, शेवाळावर उतरायला नव्हती. वाडीतल्या चौघांनी खुर्चीला बांबू बांधून मला खाली नेलं. धो धो पाऊस. खुर्चीतून मला फक्त त्यांचे गुडघे दिसत होते. माझे ६४ किलो आठ गुडघ्यांवर, आणि त्यांतल्या दोघांचे पाय माझ्यासारखेच बाहेर वाकलेले. त्यांतल्या एकाला मी गणपतीनंतर मुंबईला त्याच डॉक्टरांकडे पाठवलं.

नोव्हेंबरात पुन्हा प्रयोगशाळा. जिना बदललेला होता. पायऱ्यांखाली फळ्या सरकवून उंची ११ पासून २७ पर्यंत कमी-जास्त करता येईल असा तिनं तो करून घेतला होता. भिंतीवर आमच्या मुलांचा तक्ता लावलेला. त्याचा फोटो काढून मी शाळेच्या फळ्यावर लावला तेव्हा ती बारा मुलं दिवसभर तिथून हलली नाहीत.

उजव्या पायाचे उंचवटे परत आले होते. आतला कप्पा दाबणारं आघूर्ण एक तृतीयांशानं कमी झालं होतं. आणि धड? धड तसंच झुकत होतं. दुखत काही नव्हतं, झुकायची गरज नव्हती, तरी झुकत होतं. २४ सेंटिमीटरच्या पायरीवर उजवा पाय मागे ठेवून उतरा म्हटल्यावर मी उतरू शकले, पण काही न सांगता उतरवलं तेव्हा पाय बदलला. सर्जननं हाड सरळ केलं होतं. पाखाडी पाठ केलेले पाय मात्र तेच होते.

पुढचे महिने या एका गोष्टीसाठी गेले. आरशासमोर आधी दहा सेंटिमीटरच्या फळीवर उजव्या पायानं उभं राहायचं, एक-दोन-तीन म्हणत डावी टाच हळू जमिनीला लावायची, धड सरळ, गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत. मग फळीच्या जागी चिरा. मग चिऱ्यावर फळी. सासूबाई पडवीतून मोजायच्या आणि मी वाकडी झाले की काठी आपटायच्या. कंटाळवाणं काम. शस्त्रक्रियेबद्दल लोक कौतुकानं विचारतात, या महिन्यांबद्दल कुणी विचारत नाही. माझ्या मते निम्मं बरं होणं त्यांतच झालं.

एप्रिलमध्ये पाखाडीवर पुन्हा संवेदक बांधून उतरले. साडी, दोन पिशव्या, खडूचे नवे क्रमांक. ३१ उंच पायऱ्यांपैकी १४ ठिकाणी उजवा पाय मागे राहिला. पाय बदलायच्या नऊ जागांपैकी दोनच उरल्या. १२९ ला अजून छोटं पाऊल पडतं, कारण पुढची १३१ वी २७ सेंटिमीटरची आहे. मी त्या जागी थांबते, ठरवते, आणि उजव्याला मागे ठेवते. ठरवलं नाही तर तो डाव्याला पुढचं काम देतो.

या पावसाळ्यात ८८ ते ९१ या चार पायऱ्या पाण्यानं उखडल्या. श्रावणात गवंडी आला आणि त्यानं त्या नव्यानं बसवल्या. पहिल्या संध्याकाळी मी ८६ ला नेहमीप्रमाणे पाय बदलला आणि पुढे उंच पायरीच नव्हती. पाऊल हवेत अडखळलं, कठडा नव्हता, पण पडले नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन चारही पायऱ्या मोजल्या: १७, १८, १७, १९. तक्त्यात दुरुस्ती करून मुंबईला कळवलं.